पॉटकेटचा संघ नेमका कोणाचा होता?

१७ ऑगस्ट २०१८ रोजी अमेरिकेतल्या पॉटकेट शहराला कळलं की आपला बेसबॉल संघ जाणार. शेजारच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या, तासाभराच्या अंतरावरच्या वूस्टर शहराने त्याच्यासाठी नवं मैदान बांधायचं कबूल केलं होतं. पॉटकेटमध्ये हा संघ जवळजवळ अर्धशतक खेळला होता. आजोबा, मुलगा, नातू अशा तीन पिढ्या त्याच मैदानात आसनांकडे नेणारे चढ चढून आल्या होत्या. तरीही जाणाऱ्या संघाला थांबवता येईल असा एकही कागद शहराच्या हाती नव्हता. या प्रकरणात मला जे महत्त्वाचं वाटतं ते या न झालेल्या कागदाशी येऊन थांबतं.

आधी व्यवस्था समजून घेऊ, कारण सगळी गुंतागुंत तिथेच आहे. अमेरिकेत सर्वांत वरच्या पातळीवर, म्हणजे मेजर लीगमध्ये, ३० संघ आहेत. प्रत्येकाच्या हाताखाली लहान शहरांतल्या संघांची उतरंड असते. ती मायनर लीग. तिची वरची पायरी म्हणजे ट्रिपल-ए. पॉटकेटचा संघ, ‘पॉटकेट रेड सॉक्स’, १९७३पासून मेजर लीगमधल्या बोस्टन रेड सॉक्सचा ट्रिपल-ए संघ होता. खेळाडू, प्रशिक्षक, त्यांचे पगार, कोण कधी खेळणार याचा निर्णय, सगळं बोस्टनचं. स्थानिक मालकाकडे लीगचा परवाना आणि गेटवरचा गल्ला: तिकिटं, खाणंपिणं, जाहिराती. मैदान मात्र नगरपालिकेचं. म्हणजे लोक ज्याला ‘आपला संघ’ म्हणत होते, त्यातली माणसं एकाची, परवाना दुसऱ्याचा आणि जमीन तिसऱ्याची होती. एखादा पोरगा जुलैत तुफान फटकेबाजी करत असेल, तर एका फोनवर तो बोस्टनला जायचा. प्रेक्षकांना याचं दुःख नसे, उलट अभिमान असे. ७० किलोमीटरवरच्या, बोस्टनच्या फेनवे पार्क मैदानात आपला माणूस उभा आहे, हे त्यांना पुरत असे.

गिरणीचं गाव, दलदलीतलं मैदान

ऱ्होड आयलंड हे अमेरिकेतलं सर्वांत लहान राज्य, आणि पॉटकेट ही त्यातली पाऊण लाख वस्तीची नगरी. सॅम्युअल स्लेटर नावाचा इंग्रज कारागीर यंत्रांची रचना डोक्यात साठवून इंग्लंडहून आला. १७९०मध्ये त्याने इथे ब्लॅकस्टोन नदीच्या पाण्यावर सूत कातून दाखवलं आणि १७९३मध्ये गिरणी उभी राहिली. अमेरिकेच्या कापडधंद्याची सुरुवात इथली मानतात. विसाव्या शतकात गिरण्या स्वस्त मजुरीच्या शोधात दक्षिणेकडे निघून गेल्या. मालक धंदा उचलून दुसरीकडे नेतो, हे या गावाने बेसबॉलच्या कितीतरी आधी पाहिलं होतं.

१९३०च्या दशकातल्या मंदीच्या काळात महापौर टॉमस मॅकॉय यांनी हॅमंड पाँड नावाच्या दलदलीवर मैदान बांधायचं ठरवलं. केंद्र सरकारच्या रोजगार योजनेचा पैसा होता. चिखलात भर घालता घालता खर्च वाढत गेला आणि लोक त्याला ‘मॅकॉयचा वेडेपणा’ म्हणू लागले. १९४२मध्ये मैदान सुरू झालं. १९४५मध्ये मॅकॉय वारले आणि त्यानंतर मैदानाला त्यांचं नाव मिळालं.

पहिले संघ टिकले नाहीत. १९४६ ते १९४९ ‘स्लेटर्स’ नावाचा संघ होता. मग बरीच वर्षं शुकशुकाट, नंतर दोन मोसम क्लीव्हलंडचा संघ. १९७०मध्ये बोस्टनने दुय्यम पातळीचा संघ इथे आणला आणि १९७३मध्ये ट्रिपल-एचा संघ लुइव्हिलहून हलवला. हेही ध्यानात ठेवायला हवं, की पॉटकेटकडे आलेला संघ दुसऱ्या कोणत्या तरी शहरातून गेलेलाच होता. पहिल्याच वर्षी त्याने लीगचा करंडक जिंकला, पण गल्ला भरला नाही. मालक बदलला, १९७६मध्ये संघाचं नाव बदलून ‘ऱ्होड आयलंड रेड सॉक्स’ केलं, आणि त्याच वर्षाअखेर सगळं दिवाळखोरीत गेलं.

बेन मॉन्डोर

१९७७मध्ये संघ बेन मॉन्डोर यांच्याकडे आला. जन्म कॅनडातल्या क्वेबेकचा, वाढले ऱ्होड आयलंडमधल्या वून्सॉकेट या दुसऱ्या गिरणगावात. कापडगिरण्यांच्या धंद्यात पैसा कमावून ते पन्नाशीतच निवृत्त झाले होते. बेसबॉलचा अनुभव शून्य. त्यांनी काय विकत घेतलं हे त्या मोसमाच्या आकड्यांतून कळतं: संघ गुणतक्त्यात पहिला आला, तरी वर्षभरात मैदानावर आलेले प्रेक्षक अवघे ७० हजार. म्हणजे एका सामन्याला सरासरी हजारभर. संघ चांगला असला की लोक येतात, हे गृहीतक तिथेच खोटं ठरलं.

मग लोक कशाने आले? मॉन्डोर आणि त्यांचा तरुण व्यवस्थापक माइक टॅम्बुरो यांनी मैदानाची साफसफाई केली, तिकीट कामगाराच्या खिशाला परवडेल असं ठेवलं, गाडी लावायचे पैसे घेतले नाहीत. आईबाप पोरांना घेऊन निर्धास्त येतील अशी जागा करायची, एवढंच त्यांचं धोरण होतं आणि ते त्यांनी तीन दशकं सोडलं नाही. मला यात सर्वांत बोलकी वाटते ती सह्यांची गोष्ट. मॅकॉय मैदानात खेळाडूंची बसायची जागा प्रेक्षकांच्या पायाखाली होती, त्यामुळे कठड्यावरून वाकलं तरी खेळाडू हाताला लागत नसे. मग मुलांनी दुधाचे प्लॅस्टिकचे कॅन कापले, आत चेंडू आणि पेन ठेवलं आणि दोरीने खाली सोडलं. खेळाडू सही करायचा, पोर दोरी ओढून घ्यायचं. याला ते मासेमारीच म्हणायचे. मैदानाचा दोष मुलांनी खेळ करून टाकला, आणि व्यवस्थापनाने तो बंद पाडला नाही. दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या आहेत.

जिम राइस आणि फ्रेड लिन हे पुढे गाजलेले खेळाडू मॉन्डोर यांच्या आधी इथून बोस्टनला गेले होते. नंतर वेड बॉग्ज, रॉजर क्लेमेन्स, मो व्हॉन, नोमार गार्सियापारा, डस्टिन पेड्रोया, मूकी बेट्स. वर जाणाऱ्या चढावर या सगळ्यांची मोठी चित्रं लावलेली असत. पोरं ती बघत बघत आपल्या जागेवर जात.

३३ इनिंग

१८ एप्रिल १९८१, शनिवार. दुसऱ्या दिवशी ईस्टर. न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टर शहराचा ‘रेड विंग्ज’ हा संघ आला होता. दिव्यांत बिघाड झाल्याने सामना अर्धा तास उशिरा, रात्री ८ वाजून २५ मिनिटांनी सुरू झाला. प्रेक्षक १,७४०. कसोटी क्रिकेटसारखा अनिर्णित निकाल बेसबॉलात नसतो. एका इनिंगमध्ये दोन्ही संघ एकेकदा फलंदाजी करतात, आणि नऊ इनिंगनंतर बरोबरी असेल तर कोणीतरी पुढे जाईपर्यंत एकेक इनिंग वाढत राहते. पॉटकेटने नवव्या इनिंगमध्ये १–१ अशी बरोबरी केली. एकविसाव्यात रोचेस्टरने एक धाव काढली, आणि घरी जायची वेळ झाली असं वाटत असतानाच वेड बॉग्जच्या फटक्यावर पॉटकेटने पुन्हा बरोबरी साधली. बॉग्ज पुढे सांगायचा की, संघातले लोक आपल्याला मिठी मारणार की ठोसा, हेच त्याला कळेना. २–२.

थंडी हाडात शिरत होती. वारा मैदानाच्या टोकाकडून फलंदाजाच्या तोंडावर येत होता, उंच गेलेले फटके तो परत आत ढकलत होता. खेळाडूंनी तुटलेल्या बॅटी पिंपात जाळून हात शेकले. लीगच्या नियमांत रात्री १२.५० नंतर नवी इनिंग सुरू करू नये असं कलम होतं, पण पंचांकडच्या त्या वर्षीच्या प्रतीत ते छापायचं राहून गेलं होतं. छापील प्रतीत कलम नाही, म्हणून खेळ थांबवता येत नाही. लीगचे अध्यक्ष हॅरल्ड कूपर फोनवर सापडेपर्यंत पहाट झाली. त्यांनी थांबा म्हटल्यावर, ३२ इनिंगनंतर, ४ वाजून ७ मिनिटांनी सामना तहकूब झाला. तेव्हा मैदानात १९ प्रेक्षक उरले होते. त्यांना संघाने मोसमाचे पास दिले.

उरलेला सामना २३ जूनला झाला. तोवर मेजर लीगमध्ये खेळाडूंचा संप सुरू झाला होता, देशभरच्या बेसबॉल पत्रकारांना लिहायला काही नव्हतं, ते सगळे पॉटकेटला आले. मैदान भरलं. आणि खेळ झाला जेमतेम १८ मिनिटं: तेहेतिसाव्या इनिंगमध्ये डेव्ह कोझाच्या फटक्यावर मार्टी बॅरेट धावत आला, ३–२. एकूण ८ तास २५ मिनिटं. व्यावसायिक बेसबॉलमधला आजवरचा सर्वांत लांब सामना. दोन्ही संघांचे तिसऱ्या बेसवरचे खेळाडू, बॉग्ज आणि रोचेस्टरचा कॅल रिपकेन, पुढे हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत गेले. विजयी फटका मारणारा कोझा मेजर लीगमध्ये एकही सामना खेळला नाही. पण पॉटकेटमध्ये त्याचं नाव कोणाला विचारावं लागत नाही. मायनर लीग कशासाठी असते याचं यापेक्षा नेमकं उत्तर मला माहीत नाही. वरची लीग ज्याला विसरते त्याला इथलं गाव लक्षात ठेवतं.

चांगली वर्षं

पुढची २५ वर्षं चढती होती. १९९९च्या मोसमासाठी सरकारी पैशातून, सुमारे १ कोटी ६० लाख डॉलर खर्चून, मॅकॉय मैदान वाढवण्यात आलं आणि आसनं १० हजारांवर गेली. २००५मध्ये ६,८८,४२१ प्रेक्षक आले. ७० हजारांवरून इथपर्यंत, तेही गिरण्या बंद पडलेल्या गावात.

माझ्या मते या प्रकरणाचा निर्णायक क्षण २०१८ नाही, तो १९९९ आहे. जनतेचा पैसा मैदानात गेला तेव्हा संघमालकाला जनतेची गरज होती आणि दोघांचे संबंध उत्तम होते. त्या वेळी शहराला किंवा राज्याला संघात थोडी मालकी मागता आली असती. विकताना आधी आम्हाला विचारायचं, एवढी अट तरी घालता आली असती. मिळाला तो फक्त मैदानाचा भाडेकरार, जो जानेवारी २०२१पर्यंत चालला. मॉन्डोर असताना हे कोणाला खटकलं नाही, आणि ते साहजिक आहे. ज्या माणसाने संघ वाचवला त्याच्याकडून लेखी हमी मागणं असभ्यपणाचं वाटलं असणार. पण ऑक्टोबर २०१०मध्ये मॉन्डोर ८५व्या वर्षी वारले, आणि त्यांचा शब्द त्यांच्याबरोबर गेला.

संघ मैदानावर मात्र जोरात होता. २०१२ आणि २०१४मध्ये त्याने लीगचा करंडक जिंकला.

विक्री आणि वाटाघाटी

फेब्रुवारी २०१५मध्ये मॉन्डोर कुटुंबाने आणि भागीदारांनी संघ विकला. नव्या मालकगटाचे प्रमुख होते प्रॉव्हिडन्सचे वकील जेम्स स्केफिंग्टन आणि बोस्टन रेड सॉक्सचे अध्यक्ष लॅरी लुकिनो. लुकिनो म्हणजे बॉल्टिमोरचं कॅम्डन यार्ड्स आणि सॅन डिएगोचं पेटको पार्क ही मैदानं उभी करणारा माणूस. त्यांनी लगेच जाहीर केलं की संघ राजधानी प्रॉव्हिडन्सला, नदीकाठी नेणार. मागणी होती ३० वर्षांत राज्याने भाड्यापोटी एकूण १२ कोटी डॉलर द्यावेत, शिवाय करमाफी. लोक चिडले. मे महिन्यात स्केफिंग्टन अचानक वारले आणि ती योजना वर्षअखेरीआधीच संपली.

लोक इतके का चिडले, हे समजायला आणखी एक गोष्ट माहीत हवी. २०१०मध्ये ऱ्होड आयलंडने ३८ स्टुडिओज या व्हिडिओ गेम कंपनीच्या साडेसात कोटी डॉलरच्या कर्जाला हमी दिली होती. कंपनी होती बोस्टन रेड सॉक्सचे माजी गोलंदाज कर्ट शिलिंग यांची. २०१२मध्ये ती बुडाली आणि भार करदात्यांवर आला. बेसबॉलमधली नामवंत माणसं आणि सरकारी हमी, हे दोन शब्द एकत्र आले की त्या राज्यात नंतर लोक सावध होत. हा सावधपणा मला चुकीचा वाटत नाही. खासगी संघाच्या मैदानावर घातलेला सार्वजनिक पैसा बहुतेक ठिकाणी पुरता परत येत नाही.

तरी २०१७ची योजना २०१५पेक्षा कितीतरी रास्त होती. मॅकॉय जुनं झालं होतं, ते दुरुस्त करायला ६ कोटी ८० लाख आणि त्याच जागी नवं बांधायला ७ कोटी ८० लाख डॉलर लागतील असा अहवाल आला होता. म्हणून पॉटकेटच्याच मध्यात, स्लेटरच्या गिरणीच्या जवळ, ८ कोटी ३० लाखांचं मैदान सुचवण्यात आलं. त्यात संघ साडेचार कोटी घालणार, राज्य २ कोटी ३० लाख, शहर दीड कोटी. राज्यभर सुनावण्या झाल्या. जानेवारी २०१८मध्ये सिनेटने मंजुरी दिली आणि प्रस्ताव कनिष्ठ सभागृहात अडला. सभापती निकोलस मॅटिएलो २०१६ची निवडणूक फक्त ८५ मतांनी जिंकले होते, आणि त्यांच्या मतदारांना ही योजना नको होती. त्यांनी जूनमध्ये बदललेलं विधेयक पुढे केलं, ज्यात राज्याची हमी काढून टाकली होती आणि जोखीम रोखे घेणाऱ्यांवर ढकलली होती. हमी नाही म्हणजे व्याज जास्त. गव्हर्नर जीना रायमोंडो यांनी सही केली. दीड महिन्याने संघाने वूस्टरची निवड जाहीर केली.

सहा महिने प्रस्ताव पडून राहिला त्या काळात वूस्टर शहर संघाशी शांतपणे बोलत होतं. पॉटकेटच्या दुप्पटीहून मोठं शहर, जास्त कर्ज काढायची तयारी. वूस्टरचं पोलर पार्क मैदान पुढे मूळ अंदाजापेक्षा खूप महागलं, सुमारे १६ कोटी डॉलरवर गेलं. तिथल्या करदात्यांनाही हा सौदा स्वस्तात पडलेला नाही.

पॉटकेट ते वूस्टर या वादात दोष कोणाचा, यावर ऱ्होड आयलंडमध्ये भरपूर बोललं गेलं. कोणी मॅटिएलोंना धरलं, कोणी लुकिनोंना. मला दोघांचंही वागणं त्यांच्या जागेवरून समजतं. एकाला मतदार सांभाळायचे होते, दुसऱ्याला गुंतवणूक. ज्याला फक्त पॉटकेट सांभाळायचं होतं असा पक्षकार टेबलावर एकच होता, शहर, आणि त्याच्याकडे देण्यासारखं होतं ते दीड कोटी डॉलर आणि आठवणी.

रोचेस्टरचे ८,२२२ मालक

इथे ३३ इनिंगच्या सामन्यातल्या पाहुण्या संघाकडे परत जायला हवं. रोचेस्टर रेड विंग्जवर हीच वेळ १९५६च्या अखेरीस आली होती. तेव्हा संघ आणि मैदान मेजर लीगमधल्या सेंट लुइस कार्डिनल्सच्या मालकीचं होतं, आणि त्यांनी दोन्हीतून अंग काढून घ्यायचं ठरवलं. मॉरी सिल्व्हर या स्थानिक व्यापाऱ्याने १० डॉलरला एक असे शेअर विकायची मोहीम काढली. दुकानदार, कामगार, शाळकरी पोरांचे बाप, सगळ्यांनी घेतले. १९५७च्या सुरुवातीला ८,२२२ भागधारकांनी मिळून संघ आणि मैदान विकत घेतलं.

त्यानंतर रोचेस्टरचे वरचे संघ बदलत गेले. सेंट लुइसनंतर १९६१पासून बॉल्टिमोर, २००३पासून मिनेसोटा, २०२१पासून वॉशिंग्टन. मोसम वाईट गेले, जुनं मैदान सोडून १९९७मध्ये सार्वजनिक पैशातून बांधलेल्या नव्या मैदानात जावं लागलं. भागधारकांची कंपनी आहे म्हणून पैशाची अडचण येत नाही असं मुळीच नाही. पण कोणत्याही वाटाघाटीत ‘नाहीतर आम्ही दुसऱ्या गावाला जातो’ या धमकीला रोचेस्टरमध्ये अर्थ नव्हता, कारण जाणारे आणि राहणारे एकच होते.

बेन मॉन्डोर आणि मॉरी सिल्व्हर यांची तुलना करताना मला मॉन्डोर यांच्याविषयी आदरच वाटतो. त्यांनी ३३ वर्षं रोज जे केलं ते सिल्व्हरच्या एका हंगामाच्या मोहिमेपेक्षा कष्टाचं होतं. पण सिल्व्हर १९७४मध्ये वारले तेव्हा रोचेस्टरच्या संघाचं काय होणार, हा प्रश्नच उभा राहिला नाही. तो आधीच शेअरच्या कागदांवर सुटलेला होता.

नंतर

पॉटकेटला निरोपाचा मोसमही मिळाला नाही. २०२०चं वर्ष शेवटचं ठरलं होतं, लोकांनी तिकिटं घेऊन ठेवली होती. जूनच्या शेवटी कोविडमुळे मायनर लीगचा सगळा मोसम रद्द झाला. त्या उन्हाळ्यात संघाने मैदानावरच्या हिरवळीवर टेबलं मांडली आणि कुटुंबांना जेवायला बोलावलं. ज्या गवतावर कधी पाय ठेवता आला नव्हता तिथे बसून लोकांनी संघाचा निरोप घेतला. ११ मे २०२१ला वूस्टरचं मैदान सुरू झालं. संघाचं नाव झालं वूस्टर रेड सॉक्स.

नोव्हेंबर २०२२मध्ये पॉटकेटच्या मतदारांनी मॅकॉयच्या जागी नवी शाळा बांधायला कौल दिला आणि २०२५मध्ये मैदान पाडायला घेतलं. त्याच वर्षी मे महिन्यात नदीकाठी फुटबॉलचं नवं मैदान उघडलं. त्याच्या रोख्यांची फेड ३० वर्षांत व्याजासकट सुमारे १३ कोटी २० लाख डॉलर होणार आहे. बेसबॉल संघ ठेवण्यासाठी राज्याकडे मुद्दल म्हणून मागितले होते २ कोटी ३० लाख. बॉग्ज आणि रिपकेन तिसऱ्या बेसवर जिथे उभे होते तिथे आता मुलांचे वर्ग असतील, आणि याबद्दल तक्रार करायचं मला कारण दिसत नाही. शाळेची जमीन निदान शहराची आहे.

हे दोन्ही संघ ज्या ट्रिपल-ए लीगमध्ये खेळत, त्या इंटरनॅशनल लीगच्या वेळापत्रकात रोचेस्टर रेड विंग्ज हे नाव अजून आहे. बोस्टनच्या ट्रिपल-ए संघाशी सामना असला की त्यांची बस आता वूस्टरला जाते.